मेहरुनबाईंनी हॉलंडात मानलेले आभार

मांडवगण फराटा येथील मेहरुन वजीर तांबोळी यांचे चरित्र लिहावे, असे अद्याप कोणालाही वाटलेले नाही. आमच्याकडे चरित्रे चेअरमन लोकांची होतात, आणि ती बहुधा त्यांच्या साठीला त्यांच्याच खर्चाने होतात. मेहरुनने एकही निवडणूक लढवलेली नाही किंवा एकाही उद्घाटनाची फीत कापलेली नाही. तिने आयुष्यभर कांदा कापला आहे. मी अक्षरे शिकले ती नातवंडे कॉलेजात गेल्यावर, शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात, त्यामुळे माझे लिहिणे सावकाश चालते. परंतु हॉलंडात जे घडले ते मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे, आणि त्याविषयी गावात जे सांगितले जाते त्यातील निम्मे खोटे आहे.

मेहरुनचे माहेर दौंड. तिचे वडील स्टेशनच्या फलाटावर वडे विकत आणि ती लहानपणी त्यांच्याबरोबर टोपली धरून उभी राहत असे. फलाटावरच्या माणसाला बोलण्यात लांबण लावता येत नाही. गिऱ्हाईक खिडकीत आहे, गाडी हलण्याच्या बेतात आहे, अशा वेळी घरच्या मंडळींची खुशाली विचारत बसले तर वडाही जातो आणि गिऱ्हाईकही. ‘गरम हाय’, ‘गार हाय’, ‘संपलं’ एवढ्यात व्यवहार पुरा होतो. मेहरुनची भाषा त्या टोपलीपाशी घडली आणि तशीच राहिली.

अशी मुलगी लग्न होऊन आमच्या गावात आली, हे तिचे नशीब म्हणावे लागेल. आमच्या गावात ‘नाही’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, परंतु तो तोंडावर वापरण्याची पद्धत नाही. औत मागायला आलेल्यास ‘बघू’ म्हणतात. मुलगी मागायला आलेल्यास ‘कळवतो’ म्हणतात. मत मागायला आलेल्यास तर ‘तुमचंच हाय’ म्हणतात, आणि तो बिचारा त्यावर पाच वर्षे काढतो. माझ्या थोरल्या सुनेने पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा आम्ही सर्वांनी ती वाखाणली. मेहरुनने एक घास खाऊन सांगितले, “वातड हाय.” पोळी वातड होतीच. तरी सून तिच्याशी दोन वर्षे बोलली नाही.

तिचा नवरा वजीर हा लग्नकार्यात बिर्याणी करणारा आचारी. बिर्याणीवर पसरतात तो खरपूस तळलेला कांदा मेहरुन करीत असे. त्याला ती बिरिस्ता म्हणते. हळूहळू लोक नुसता कांदाच मागू लागले. मग तिने तो पुड्यांत भरून शिरूरच्या आणि कोरेगाव भीमाच्या हमरस्त्यावरील हॉटेलांना द्यावयास सुरुवात केली. भट्टी लावण्यासाठी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवारातील एक शेड तिला मिळाली. ही शेड चेअरमन हौसराव फराटे यांनी “वापरा की, मेहरुनबाई, आपलंच हाय” असे म्हणून दिली. कागद झाला नाही. खाद्यपदार्थ विकण्याचे लायसन मात्र त्याच पत्त्यावर निघाले.

हौसराव नात्याने माझे धाकटे चुलत दीर. गाव त्यांना आप्पा म्हणते. ते उत्तम वक्ते आहेत, म्हणजे ते थांबत नाहीत.

गेल्या वर्षी कंपनीचा हॉलंड देशाचा अभ्यासदौरा ठरला. तिथले लोक जगभर कांदा विकतात, तेव्हा कांदेवाल्यांनी तिथे जाऊन काही शिकावे, असा हेतू होता. मी महिला संचालक म्हणून गेले. संचालक मंडळात एक बाई दाखवावी लागते आणि ती मी आहे. मेहरुन स्वतःच्या कामासाठी आली. तिथले लोक भातावर, सॉसेजवर, सुपावर तळलेला कांदा घालून खातात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. दुकानांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी पाहणाऱ्या बाईंनी आम्हांस अर्धा तास दिला होता. त्यातील निम्मा वेळ आमच्या कंपनीच्या कच्च्या कांद्यासाठी होता आणि निम्मा मेहरुनच्या बिरिस्त्यासाठी. तेवढ्यासाठी तिने वर्षभर पासपोर्टपासून सगळे केले होते.

जाण्यापूर्वी कंपनीच्या हॉलमध्ये शिष्टाचाराचा वर्ग झाला. आप्पांचा पुतण्या विश्वजीत हा कंपनीचा मॅनेजर आहे, शेतकीचा पदवीधर आहे आणि पूर्वी एकदा तिकडे जाऊन आलेला आहे. त्याने आम्हांस समजावून सांगितले.

“तिथं साडेदहा म्हंजी साडेदहा. आधी ठरवल्याशिवाय कुणाकडं जायचं न्हाई. पोरगा बी आईकडं इचारून जातो.”

“आन् आई काय करती?” मी विचारले.

“डायरीत बघती, काकी.”

“झ्याक देश हाय,” मेहरुन म्हणाली.

“गेल्यावर प्रत्येकाशी हात मिळवायचा आन् आपलं नाव सांगायचं. पगार किती, लगीन झालं का, पोरं किती, हे इचारायचं न्हाई.”

“मग बोलायचं काय?” आप्पांनी विचारले.

“कामाचं, आप्पा.”

विश्वजीत पुढे सांगू लागला.

“महागाची भेट द्यायची न्हाई, त्यांना लाच वाटती. कॉफीबरोबर बिस्कीट इचारतात, ते एकदाच. पाहिजे आसंल तर पहिल्यांदाच व्हय म्हणायचं. रोख पैसे कितीतरी दुकानं घेत न्हाईत, कार्ड ठेवायचं. लाल रस्ता सायकलींचा आसतो, त्यात उभं ऱ्हायचं न्हाई. आन् एक, ती मानसं तोंडावर बोलतात. माल आवडला न्हाई तर न्हाई म्हणतात. राग मानायचा न्हाई.”

यावर सर्वांनी वळून मेहरुनकडे पाहिले.

“माझ्याकडं काय बघताय?” ती म्हणाली. “मी तिकडची न्हाई. मी दौंडची हाय.”

“शाल-श्रीफळ म्हंजी लाच व्हय रं?” आप्पांचे मन अजून भेटीवरच होते. “त्यो संस्कार हाय. सत्काराशिवाय कुणाच्या दारात मी आजवर उभा ऱ्हायलो न्हाई.”

विश्वजीत म्हणाला, “बघू.” तोही आमच्याच गावचा.

हॉलंडविषयी मी थोडक्यात लिहिते. देश सपाट आहे आणि पाण्याने भरलेला आहे, तरी कोणी पाण्यावरून भांडताना दिसले नाही. जिने शिडीसारखे उभे आहेत. दुपारच्या जेवणाला पाव आणि चीज असते, आणि मोठी माणसे त्यासोबत लहान मुलांप्रमाणे दूध पितात. आप्पा लाल रस्त्यावर फोटो काढण्यासाठी उभे राहिले असता माझ्याहून वयस्क अशा एका सायकलवरील आजीबाईंनी घंटी वाजवली आणि जाता जाता त्यांना काहीतरी सुनावले. आप्पांनी त्यांना नमस्कार केला. आम्ही बायका एका खोलीत होतो. मेहरुन पहाटेची नमाज झाल्यावर आपले पुडे उघडून वास घेई आणि पुन्हा बंद करी.

ठरलेल्या दिवशी विश्वजीतने आम्हांस वेळेच्या आधी नेले. या गोष्टीची आमच्यापैकी कोणालाही सवय नव्हती. बाईंचे नाव हानेके. उंच, केस कापलेल्या, पायांत सपाट बूट. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला, स्वतःचे नाव सांगितले आणि मग स्वतःच्या हाताने सर्वांना कॉफी ओतून दिली.

“शिपाई न्हाई?” आप्पा माझ्या कानाशी म्हणाले. “वहिनी, बाई लहान अधिकारी दिसती.”

हानेकेबाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला. आमच्यातील प्रत्येकाने घरंदाज माणसाप्रमाणे “नको, नको” म्हटले. कोणत्याही सभ्य घरात यानंतर डबा दोनदा, तीनदा पुढे येतो, शपथा घातल्या जातात आणि मग माणूस नाइलाजाने खातो. बाईंनी झाकण लावले आणि डबा कपाटात ठेवला. मेहरुन तेवढी पहिल्यांदाच हो म्हणाली होती. ती आठ उपाशी माणसांच्या देखत आपले बिस्कीट कॉफीत बुडवून सावकाश खात राहिली.

यानंतर आप्पा उठले आणि त्यांनी पिशवी उघडली.

पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला आणि फेट्याचे भगवे कापड निघाले. विश्वजीत डोळे मिटून बसला. फेटा बांधणे हे घाईचे काम नाही. बाईंनी खुर्चीत बसून ते सर्व सोसले, मात्र त्यांची नजर भिंतीवरील घड्याळावर होती. फेटा झाल्यावर फोटो झाले, आणि फोटोत नारळ नीट दिसला नाही म्हणून ते पुन्हा झाले. मग आप्पांनी घसा साफ केला.

“भीमेच्या आन् घोडनदीच्या पवित्र पाण्यानं न्हालेल्या आमच्या या भूमीतून...”

विश्वजीतने इंग्रजीत दोन शब्द सांगितले. आप्पा नदीवरून मातीवर आले, मातीवरून स्वतःच्या वडिलांवर आले, तेथून कंपनीच्या स्थापनेवर आले आणि तेव्हा कोणी कोणी विरोध केला होता तिकडे वळले. विश्वजीतचे भाषांतर आखूड होत होत शेवटी नुसती मान हलवण्यावर आले. कच्च्या कांद्याचा वेळ संपला होता. मेहरुनचा वेळ चालू झाला होता आणि आप्पा अद्याप विरोधकांमध्येच होते.

मेहरुनच्या मांडीवर पुड्यांची पिशवी होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

“काकी,” ती हळूच म्हणाली, “माझी येळ चाललीय.”

“व्हय.”

“आप्पांना खाली बसवलं तर शेड जाईल.”

“जाईल,” मी म्हणाले. खोटे का बोलावे?

येथे आमच्या भागाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बोलणाऱ्या चेअरमनला कोणी थांबवू शकत नाही. घड्याळ दाखवले तर ते त्यास वेळेविषयीच्या चिंतनाचे निमित्त समजतात. माईक बंद पडला तर आवाज चढवतात. सभा फक्त एकाच गोष्टीने संपते, ती म्हणजे आभारप्रदर्शन. कोणी उठून आभार मानू लागले की श्रोते, वक्ते, अध्यक्ष सगळे उभे राहतात. आभार ऐकण्यास कोणीही थांबलेले मी आजवर पाहिलेले नाही.

मेहरुन उभी राहिली. जन्मात तिने सभेत तोंड उघडलेले नव्हते. तिने फलाटावरचा आवाज लावला.

“आप्पासाहेबांनी मोलाचं मार्गदर्शन केलं, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. हानेकेबाईंचे आभार मानते. कंपनीचे आभार मानते. चहापानाची सोय भाईर केलेली हाय.”

शेवटच्या वाक्याने काम केले. उपाशी माणसे एकदम उठली. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या, आणि अध्यक्षांनी पुढे चालावयाचे असते म्हणून आप्पा सवयीने सर्वांच्या पुढे दाराबाहेर पडले. त्यांचे वाक्य अर्धे राहिले आहे हे त्यांना व्हरांड्यात गेल्यावर कळले असावे. विश्वजीतही उठला होता. मी त्याची बाही धरली आणि म्हणाले, “तू कुठं? बस.”

खोलीत आम्ही तिघे उरलो आणि फेटा बांधलेल्या हानेकेबाई. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होत्या. नंतर त्यांनी मेहरुनकडे पाहिले आणि काहीतरी विचारले.

“इचारतात, हे काय झालं?” विश्वजीत म्हणाला.

“सांग, आमच्यात असंच संपवतात. आता कांदा बघा म्हणावं.”

बाईंनी पुडा फोडला, वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकला आणि एक शब्द उच्चारला.

“चांगला हाय म्हणतात,” विश्वजीत म्हणाला, “जरा येगळी चव...”

“इशू, बाईचं तोंड बघ की,” मेहरुन म्हणाली. “खरं काय म्हणल्या ते सांग.”

विश्वजीतने माझ्याकडे पाहिले. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही.

“करपलाय म्हणल्या.”

मला वाटले, वर्षभराचे सगळे तेथेच संपले. मेहरुनने त्याच पुड्यातला कांदा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला आणि मान डोलावली. “व्हय. करपलाय. निघायच्या गडबडीत तळलेला घाणा हाय ह्यो. दुसरा फोडा.”

दुसरा पुडा बाईंनी अधिक खाल्ला. तोही त्यांना गडद वाटला, तेलकट मात्र वाटला नाही. त्यांनी विचारले की, याहून फिका आणि वर्षभर अगदी एकसारखा असा माल मिळेल काय. विश्वजीतने “येस, येस” म्हणण्यास तोंड उघडलेच होते.

“थांब. फिका व्हईल. वर्षभर न्हाई व्हणार. पावसाळी कांद्यात पाणी आसतंय, त्यो मी तळत न्हाई. उन्हाळी कांदा संपला की भट्टी बंद. तेवढं महिनं न्हाई म्हणून सांग.”

“मावशी, असं म्हणलं तर ऑर्डर जाईल!”

“मग जाऊ दे. दिवाळीत माल नसंल तवा काय सांगू बाईला?”

विश्वजीतने पडलेल्या चेहऱ्याने भाषांतर केले. हानेकेबाईंनी ते ऐकले, लिहून घेतले आणि मग बोलल्या. तीन छटांचे नमुने पाठवावे. आवडले तर थोडा माल घेईन, नाही आवडले तर तसे सांगेन. त्यांनी घड्याळ पाहिले, उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. शाल त्यांनी घडी करून परत दिली, कारण त्यांच्या कंपनीत एवढी भेट घेण्याची मुभा नव्हती. नारळ सर्वांच्या टेबलावर ठेवते, म्हणाल्या. फेट्याला मात्र त्यांनी हात लावून पाहिला आणि तो तसाच डोक्यावर ठेवून पुढच्या माणसाला भेटायला गेल्या.

व्हरांड्यात आमची मंडळी कॉफीच्या यंत्राची बटणे दाबत होती. त्यातून आतापर्यंत फक्त गरम पाणी निघाले होते. आप्पा काही बोलले नाहीत. परतीच्या बसमध्येही बोलले नाहीत, आणि विमानातही नाहीत. त्या प्रवासात मी भरपूर झोपले, हे कबूल केले पाहिजे.

गावी आल्यावर नमुने तळावयाचे होते. मेहरुन शेडवर गेली तर भट्टीला टेकून खताच्या गोण्या रचलेल्या. आवाराचा राखणदार म्हस्कू म्हणाला, “आप्पांनी सांगितलंय. जागेची अडचण हाय.” मेहरुनने आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, “तसं काय न्हाई, मेहरुनबाई. बघू. मिटिंग होऊ द्या.” दुसऱ्या दिवशी गोण्या आणखी वाढल्या.

मेहरुन मला घेऊन त्यांच्या घरी गेली. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

“या, या. वहिनी, या. चहा टाकायला सांगू?”

“चहा नको,” मेहरुन म्हणाली. तिला खरोखरच नको होता. “आप्पा, शेड काढून घेताय का?”

“छ्या! शेड तुमचीच हाय. जरा जागेची—”

“राग आलाय का?”

“राग कशाचा? आपलीच मानसं. मी काय तसा...”

“आप्पा, मी तुम्हाला बोलता बोलता उठवलं. माझी पाळी हुती. परत तशी येळ आली तर परत उठवीन. चहाचं मातर खोटं बोलले, ती माझी चूक. आता तुम्हाला राग आला आसंल तर तसं सांगा, मी दुसरी जागा बघते. लायसन बदलायला महिने जातील आन् ती बाई थांबायची न्हाई, पर कळंल तरी. न्हाई आला आसंल तर गोण्या हलवा.”

समोरून म्हशी गेल्या. आप्पा म्हशींकडे पाहत राहिले.

“आलाय,” ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एवढे आखूड वाक्य मी ऐकले नव्हते.

“लई?”

“लई.” मग ते माझ्याकडे वळले. “वहिनी, मी स्वतः उठलो ओ! मला कुणी हात बी लावला न्हाई. माझ्याच भाषणातनं मी चहाला गेलो.”

मी पदर तोंडाला लावला. मेहरुन हसली नाही.

“भाषण लांबलं हुतं का?” आप्पांनी विचारले.

“व्हय.”

“चांगलं तरी झालं हुतं का?”

“ठाव न्हाई, आप्पा. मी ऐकत नव्हते. मी घड्याळ बघत हुते.”

आप्पांनी आशेने माझ्याकडे पाहिले. रीतीप्रमाणे मी “छान झालं, भाऊजी” असे म्हणावयास हवे होते.

“मी बी घड्याळच बघत हुते,” मी म्हणाले.

आप्पांनी खिशातून फोन काढला. “म्हस्कू, शेडमधल्या गोण्या काढ. बघू न्हाई, आत्ता काढ.” फोन ठेवल्यावर ते मेहरुनला म्हणाले, “राग गेलेला न्हाई. सांगून ठेवतो.”

“चालंल,” ती म्हणाली. “गोण्या गेल्या तर बास.”

त्याच दिवशी भट्टी पेटली. वजीरने कांदा कापला, मेहरुनने तळला आणि तीन छटांचे तीन डबे रवाना झाले. काही आठवड्यांनी हानेकेबाईंचे उत्तर विश्वजीतच्या फोनवर आले, ते त्याने शेडच्या दारात उभे राहून वाचले. पहिला फार फिका. तिसरा अजूनही गडद. मधला घेते, सुरुवातीला थोडाच.

“आन् बाई लई खूश हायत, मावशी,” विश्वजीतने जोडले.

“तसं लिवलंय का?”

“लिवलं न्हाई.”

“मग न्हाईत खूश. मधला घेत्यात, एवढंच हाय.” तिने झाऱ्याने तेल ढवळले आणि नवऱ्याकडे न पाहता सांगितले, “कांदा आणा.”